तिकडचा मे महिना

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते बाभुळगावच्या शाळेतल्या माझ्या भूगोलाच्या सरांचे. आमच्या तांड्यात माझ्याआधी कुणी पदवीपर्यंत पोचलं नव्हतं. दहावीनंतर बाबा मला शेतीकामाला न्यायला आले, तेव्हा सरांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "पोरगं माह्या घरी राहीन. वावर कुठं पळून नाही चाललं." पदवी होईपर्यंत मी त्यांच्याकडेच राहिलो. रोज एसटीनं यवतमाळला कॉलेजात जायचो आणि रात्री काकूंच्या हातचं जेवायचो.

सरांनी जग पाहिलं ते नकाशात. वर्गात ते पपई आणत आणि तिच्या पोटावर कोळशानं रेघ ओढत. "या वरच्या अर्ध्यात मे महिन्यात तू घामाघूम. अन् या खालच्या अर्ध्यातला पोट्टा स्वेटर घालून शाळेत. कळलं का बे?" तास संपला की पपई आम्हीच खायचो. मे महिन्यात ते आम्हाला टिपेश्वरच्या जंगलात न्यायचे. पाणी आटलं की जनावर पाणवठ्यावर येतं, हे मी तिथं शिकलो.

यवतमाळला नोकरीत स्थिरावल्यावर, गेल्या दिवाळीत मी म्हणालो, "सर, आपण दोघं आफ्रिकेत जाऊ. बोत्सवानाला."

"अबे, मी नागपूरच्या पुढं गेलो नाही!"

"जा न," काकू आतून म्हणाल्या. "घरात तेवढीच शांती."

मग दर रविवारी सरांच्या पलंगावर ॲटलास उघडला जाऊ लागला. महिना सरांनीच ठरवला. ऐन हंगाम नको, तेव्हा गर्दी असते. भर पावसाळाही नको, रस्ते बुडतात. त्या दोहोंच्या मधला मे बरा: पाऊस संपलेला, नद्या भरलेल्या, आकाश धुतलेलं. "गवत उंच असन, सिंह दडून बसन," ते म्हणाले. "पण हत्ती कुठं दडते?" सकाळी उघड्या जीपमध्ये थंडी वाजेल म्हणून त्यांनी काकूंना कानटोपी विणायला लावली.

होळीनंतरच्या एका रविवारी गेलो, तर सर बॅग भरत होते. पांढरे सुती सदरे, गमछा, पाण्याचा थर्मास. कानटोपी बाजूला पडली होती.

"हे कायले विणली काकूनं? मे महिना आहे. पाणवठे आटले असतीन तिकडं."

मी हसलो. वाटलं, परीक्षा घेताहेत, आता म्हणतील, फसला ना लेका. त्यांनी गमछ्याची घडी नीट केली आणि पुढचा सदरा उचलला.

स्वयंपाकघरात पपई होती. मी ती आणली, पेनानं रेघ ओढली आणि सगळं सांगितलं, अगदी त्यांच्यासारखं. खालच्या अर्ध्यातल्या स्वेटरवाल्या पोरापर्यंत. सर मान पुढे करून ऐकत होते, नवीन धडा ऐकावा तसे. शेवटी खूश होऊन म्हणाले, "वा! हे कोणं शिकवलं बे तुले?"

काकू दारात उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या.

जाताना फाटकाजवळ काकूंनी सांगितलं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी सर एसटी स्टँडवरून घरी यायला निघतात आणि शाळेत जाऊन बसतात. यवतमाळच्या डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितला आहे.

"मले आधी काहून नाही सांगितलं, काकू?"

"तुह्या आफ्रिकेचं नाव काढलं का त्यायचा चेहरा फुलते रे. कशी सांगू?"

बुकिंग मी रद्द केलं. एकट्यानं जायचा विचार मनात आलाच नाही. पण सर रोज सकाळी बॅग घेऊन ओट्यावर बसू लागले. निघायचं कधी, विचारू लागले. काकूंनी नाही म्हटलं की चिडायचे, मग रडायचे. शेवटी काकूंचा फोन आला. "माह्यं ऐकत नाहीत. तुह्यं अक्षर ओळखतात. रोज वाचता येईन असं काहीतरी लिहून दे."

खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहवत नव्हतं. बऱ्याच कागदांनंतर हे पत्र पाठवलं. त्यावर तारीख घातली नाही.

"आदरणीय सर,

सा. नमस्कार.

तुम्ही शिकवलंत की आपल्याकडे उन्हाळा असतो तेव्हा तिकडे थंडी असते. म्हणून सदरे परत कपाटात ठेवा. तिकडचा पाऊस आत्ताच संपला आहे आणि गवत माणसापेक्षा उंच आहे. गवत वाळेपर्यंत थांबू. मी तुमच्याशिवाय जाणार नाही. रविवारी येतो, तेव्हा ॲटलास काढून ठेवा. सकाळी ओट्यावर गार वारा असतो, बसताना कानटोपी घाला. काकूंनी चहा ठेवला असेल, तो घ्या.

तुमचा विद्यार्थी"