कागदी कॉम्प्युटरला कौल मिळेना

तैवानातल्या सिन्चूच्या नगरदेवाच्या देवळामागे थाओ मावशीचं दुकान आहे. मेलेल्या माणसाला वर जे जे लागतं ते सगळं तिथे कागदाचं मिळतं. घर, गाडी, नोकरचाकर, चपला, दाढीचं मशीन, म्हणाल ते. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर खळीनं डकवलेला रंगीत कागद, आणि शेवटी काडी. जाळलं की पोचलं. मावशीचं खरं नाव श्ये चिन-थाओ, पण अख्खी गल्ली तिला मावशी म्हणते आणि मावशी अख्ख्या गल्लीवर खेकसते.

हे काम तिनं सासऱ्याकडून घेतलं. सासऱ्यानं हयातभर घोडे आणि पालख्या केल्या. मावशीच्या वाट्याला मात्र कॉम्प्युटर आले, कारण सिन्चूत सायन्स पार्क आला आणि पार्कातले इंजिनियर काही अमरपट्टा घेऊन आले नव्हते. पहिला कॉम्प्युटर केला तेव्हा तिनं तो धड पाहिलाही नव्हता. गिऱ्हाइकानं हातवारे करून सांगितलं, हिनं भाताच्या कुकरवर टीव्ही ठेवल्यासारखं काहीतरी उभं केलं. त्याच्या बाजूला उंदीर हवा म्हणाले, म्हणून उंदीर केला, शेपटी-मिशांसकट. जाळला. मेलेल्यानं काही तक्रार केली नाही. "झालं तर मग," मावशी म्हणाली.

खरी पंचाईत पुढे झाली. लोक म्हणायला लागले, "मावशी, आम्ही जाळणार एकदाच. तिकडे त्याला तो कायमचा वापरायचाय. दोन वर्षांत जुना झाला तर बिचारा कुठे दुकान शोधत फिरेल?" तेव्हापासून मावशीला कायम पुढचा कॉम्प्युटर करावा लागतो, अजून कोणीच न केलेला. दर उन्हाळ्यात थायपेईला मोठं प्रदर्शन भरतं. मावशी तिथे जाते, कोपरं मारत पुढे घुसते, सगळं ऐकते, आणि जे समजलं नाही ते घरी येऊन कागदात करते. एका वर्षी कानावर आलं की पुढचे कॉम्प्युटर पाण्यानं गार होणार. मावशीनं डब्याच्या तळाशी तळं केलं आणि त्यात दोन लाल मासे सोडले. पुढच्या वर्षी ऐकलं, पडद्याची घडी होणार. मावशीनं अशी घडी घातली की पडदा उघडायला दोन माणसं लागायची. म्हणून मग ती दोन माणसंही केली, कागदाची, गणवेश घालून. अंदाज बांधायला मावशी कधी कचरली नाही. चुकला तर सांगायला परत कोण येणार आहे?

आणि मग फंग शू-हुंग गेला.

फंग कॉम्प्युटरचे पंखे करायचा. डबा तापू नये म्हणून आत गरगरत असतो ना, तो पंखा. त्याचा आवाज कमी करण्यात त्यानं जन्म घातला. "पुढचा कॉम्प्युटर मुका असेल, बघा तुम्ही," असं तो खिम्याच्या गोळ्यांचं सूप पितानाही सांगायचा आणि समोरच्याचं सूप गार करायचा. माणूस सोन्यासारखा, पण पंख्यावर घसरला की लोक चपला शोधायला लागत. एका सकाळी कारखान्यातच त्याच्या छातीत कळ आली आणि संपलं.

त्याची बायको मेई-युन. फंग गेल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. झोपेच्या गोळ्या झाल्या, देवळातल्या उदबत्तीची राख पाण्यातून झाली. पण अंथरुणाला पाठ टेकली की डोळे टक्क उघडे. शेजारणींनी निदान केलं, "त्याला काहीतरी हवंय. मिळेपर्यंत तो काही तुला झोपू द्यायचा नाही." मेई-युनलाही ते पटलं. ती दुकानात आली तेव्हा तिच्या डोळ्यांखाली शाई सांडल्यासारखं झालं होतं.

"मावशी, त्याला आवडेल असा कॉम्प्युटर कर गं. त्याच्या मनासारखा. मला झोप हवीय. नाहीतर मी वेडी होईन."

उठता-बसता खेकसणाऱ्या मावशीनं स्टूल पुढे सरकवलं आणि चहा टाकला.

सातव्या आठवड्याचा विधी यायचा होता. त्या दिवशी जाळायचं, पण आधी फंगचा कौल घ्यायचा, असं मेई-युननं ठरवलं. कौलाचे दोन लाकडी तुकडे, चंद्रकोरीसारखे, एका अंगानं सपाट, दुसऱ्या अंगानं फुगीर. विचारायचं आणि जमिनीवर टाकायचे. एक उताणा एक पालथा पडला तर हो. दोन्ही पालथे तर नाही. दोन्ही उताणे पडून पोटावर डुलायला लागले तर समजायचं, तो हसतोय.

मदतीला फंगचे कारखान्यातले दोन दोस्त आले. त्साओ आणि लिआव. त्साओ आडवा, लिआव उभा, आणि उभ्या आयुष्यात त्यांचं कशावर एकमत झालेलं नाही.

"मावशी, पुढचा कॉम्प्युटर मोठा असणार," त्साओ म्हणाला. "आताच चित्रांचं कार्ड विटेएवढं झालंय. पुढे फ्रिजएवढं होईल. डबा म्हणजे कपाट! माणूस दार उघडून आत जाईल, खुर्ची टाकून बसेल."

"तुझ्यासारख्याला कपाटच लागणार," लिआव म्हणाला. "मावशी, याचं ऐकू नका. सगळं लहान होत चाललंय. पुढचा कॉम्प्युटर चिंचोक्याएवढा."

"आणि हरवला म्हणजे?"

"दुसरा घ्यायचा."

"वर? वर कुठे घेणार रे दुसरा? तुझा बाप दुकान टाकून बसलाय तिथे?"

"तुम्ही दोघं बाहेर जाऊन भांडा," मावशी म्हणाली. "माझी खळी वाळतेय."

आधी मोठा करायचा ठरलं. माणूस आत मावेल असं कपाट झालं, चंदेरी कागदाचं, सात रंगांच्या दिव्यांचं. पंखा अर्थातच नाही. मुका कॉम्प्युटर. वर मावशीनं रिवाजाप्रमाणे कुरकुऱ्यांची कागदी पुडी चिकटवली. आमच्याकडे कुठलंही यंत्र त्या पुडीशिवाय चालत नाही. पुडीचं नावच मुळी 'शहाण्यासारखं वाग' असं आहे. ती डोक्यावर असली की यंत्र मुकाट काम करतं.

मेई-युननं बरोबर आणलेल्या फंगच्या फोटोपुढे हात जोडले. "अहो, चालेल का हा?" तुकडे टाकले. दोन्ही पालथे. नाही.

"का नाही?" मावशीला घाम फुटला. इतक्या वर्षांत कुठल्या मेलेल्यानं तिचा माल परत केला नव्हता.

लिआवनं वर पाहिलं आणि तो दोन पावलं मागे झाला. "मावशी! पुडी पिवळी आहे!"

"हिरवा कागद संपला होता रे."

"पिवळी?" त्साओ अक्षरशः खाली बसला. "अहो, हिरवी म्हणजे दिवा हिरवा, सगळं ठीक. पिवळी म्हणजे धोका! आमच्याकडे एकानं चुकून पिवळी ठेवली तर अख्खी खोली बंद पडली होती. आणि तुम्ही ती फंगला पाठवताय?"

मावशी ओशाळली. तशीच उठून बाजारात गेली, हिरवा कागद आणला, नवी पुडी केली. पुन्हा कौल. दोन्ही उताणे. तुकडे पोटावर डुलत राहिले.

"हसतोय," मेई-युन म्हणाली.

"तुला हसतोय," लिआव त्साओला म्हणाला. "कपाटाला."

मग लिआवच्या मताप्रमाणे लहान करायला घेतला. भोपळ्याएवढा केला. हसला. काडेपेटीएवढा केला. हसला. चिंचोक्याएवढा करताना मावशीनं चिमटा वापरला आणि सगळ्या गणगोताला शिव्या घातल्या. त्या चिंचोक्यावर हिरवी पुडी चिकटवायची म्हणजे पुडीच मोठी झाली, कॉम्प्युटर खाली सापडेना. तरी हसला.

"कळलं!" लिआवनं मांडीवर थाप मारली. "पुढे जाऊन कॉम्प्युटर दिसणारच नाही. हवेतच असेल. पडदा नाही, डबा नाही, काही नाही. फंगला तोच हवाय!"

पहिल्यांदाच त्साओनं मान डोलावली. "यात दम आहे."

"म्हणजे मी करू काय?" मावशीनं विचारलं.

"काहीच नाही. रिकामं तबक ठेवा."

"आणि जाळू काय? तुमचं डोकं? इतकी वर्षं कामट्या तासतेय मी, ते आता काहीच-नाही करून देऊ? आणि पुडी कशाला चिकटवू, हवेला?"

पण मेई-युनचे ते डोळे बघून तिनं तबक ठेवलं. मेई-युननं रिकाम्या तबकाला नमस्कार केला, तुकडे टाकले. ते इतके डुलले, इतके डुलले की एक गडगडत स्टुलाखाली गेला.

मेई-युन तिथेच खाली बसली आणि ढसाढसा रडली. "त्याला माझ्याकडून काहीच नकोय. रागावलाय तो. त्याचं बटण मीच बंद केलं ना."

"कसलं बटण?" मावशीनं विचारलं.

"घरचा कॉम्प्युटर गं. कारखान्यात जो पंखा नापास व्हायचा तो हा घरी आणून आमच्या कॉम्प्युटरला लावायचा. बिघाड कुठे आहे ते ऐकायचं म्हणे. दिवसरात्र चालू, आमच्या उशाशी. खर्र खर्र खर्र. सगळी लग्नाची वर्षं मी त्यावरून भांडले. बंद करा, बंद करा. तो गेला आणि दुसऱ्या दिवशी मी बंद केला. भंगारवाल्याला देऊन टाकला. म्हटलं, सुटले. आता घरात सुई पडली तर ऐकू येते."

लिआवनं चष्मा काढून पुसला. मावशीनं स्टुलाखालून तुकडा काढला आणि दोन्ही तुकडे मेई-युनच्या हातात दिले.

"विचार त्याला. आवाज हवाय का म्हणून विचार."

"मावशी, जन्मभर आवाजाशी लढला हो तो," त्साओ म्हणाला. "हा त्याचा अपमान होईल."

"तू गप रे."

मेई-युननं डोळे मिटले. "अहो, खर्र खर्र हवं का?"

एक उताणा, एक पालथा. पुन्हा टाकले, तेच. तिसऱ्यांदा टाकले, तेच.

मावशीनं रात्र होण्याआधीच काम धरलं. साधा डबा केला, जुन्या पद्धतीचा, पांढरट. कसलंही भविष्य त्यात नव्हतं. पुढच्या अंगाला गोल भोक पाडून कागदी पंखा बसवला, आणि एक कामटी अशी खोचली की पातं फिरलं की तिला घासलं पाहिजे. त्साओ आणि लिआव शेजारी बसून कामटी वाकवून दाखवत होते. जन्मभर जो आवाज मारायला शिकले तो कसा काढायचा हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. "अजून जरा बिघडव," लिआव म्हणत होता. "फंगच्या नापास पंख्यासारखा झाला पाहिजे."

विधी नदीकाठच्या मोकळ्या जागेत होता. सिन्चूचा वारा ठाऊकच आहे, शेवया वाळवणारा आणि टोप्या पळवणारा. कॉम्प्युटर बाहेर आणला आणि पातं फिरलं. खर्र खर्र खर्र. मेई-युन प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. तिनं एकदा कॉम्प्युटरकडे पाहिलं, "बंद करा हो," असं काहीतरी पुटपुटली. मग मान हळूहळू एका बाजूला कलली.

पुजाऱ्यानं काडी काढली. मावशीनं त्याचं मनगट धरलं.

"मुहूर्त जातोय," तो म्हणाला.

"झोपलीय ती," मावशी कुजबुजली. "डोळे आहेत ना?"

"अहो, पण ज्याचा विधी आहे तो तिकडे ताटकळलाय!"

मावशीनं डोक्याचा रुमाल सोडला आणि जमिनीवर पसरला, लाकडाचा आवाज होऊ नये म्हणून. "फंग, बाबा," ती हळूच म्हणाली, "थांबशील का जरा?" आणि तुकडे रुमालावर सोडले.

एक उताणा, एक पालथा.

पुजाऱ्यानं काडेपेटी खिशात टाकली. तेवढ्यात वारा फिरला आणि पातं मंदावलं. मेई-युनची पापणी हलली. त्साओ आणि लिआव दोघंही एकदमच धावले, दोन बाजूंनी कॉम्प्युटर उचलला आणि वाऱ्याकडे तोंड करून धरला. पुन्हा खर्र खर्र. वारा वळेल तसे ते दोघं वळत राहिले, न भांडता, एकेक पाऊल टाकत.

"हात दुखले तरी सोडायचा नाही रे मेल्यांनो," मावशी म्हणाली आणि मेई-युनच्या अंगावर स्वतःचा कोट घातला.