पन्नास धरून मोजलेली गुणसूत्रे

बातमी सायकलवरून आली, आणि तिच्याबरोबर एक जर्मनची कळशी आली. मोशीचे कोळी तात्या चिंचवडला आत्याच्या दारात उतरले, कळशी पायरीवर ठेवली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ताई, सायेब नदीत गावंना. येकदा वर आलं, मग न्हाई दिसलं. ह्ये मासं त्यांचं हाय." कळशीत पाच खवल्या होत्या, जिवंत. आत्या मटकन खाली बसली, शेजारचे मोशीकडे धावले... आणि मी कळशी उचलून मागच्या खोलीत गेले व आतून कडी लावून घेतली. त्याला आज सहा आठवडे झाले. त्या कडीबद्दल आळीत जे बोलले जाते ते माझ्या कानांवर येते, म्हणून हे लिहिते आहे.

तात्यांचे सायेब म्हणजे वसंतदादा, माझा आतेभाऊ, पुण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर. नदीतल्या माशांची गुणसूत्रे मोजण्याचे वेड त्याने घेतले होते. पेशी दुभंगताना तिच्यात बारीक काड्या दिसतात, ती गुणसूत्रे. प्रत्येक जातीत त्यांची संख्या ठरलेली. संख्या आणि आकार ताडून पाहिले की कोणता मासा कोणाच्या कुळातून निघाला याचा अंदाज येतो. "मी नदीची वंशावळ लिहितोय," तो म्हणायचा. "आधी आपली पुढे चालव," आत्या ओट्यापासून सुनावायची. मासे कापायच्या त्या मागच्या खोलीत तिने कधी पाऊल टाकले नाही.

नराचे वृषण काढायचे, रंगवायचे, काचांमध्ये ठेवून टिपकागदावरून अंगठ्याने दाबायचे. दाब कमी पडला तर नुसता गुंता, जास्त झाला तर पेशी फुटून एखादी काडी निसटते. दाबणे दादाचे. सूक्ष्मदर्शकाला बसवलेल्या आरशातून कागदावर पडणारी आकृती गिरवणे माझे, कारण मी चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या. मी बसले की तो म्हणायचा, "कमल, पन्नास आहेत बघ." त्याच्या सरांनी तसे सांगितले होते. आणि माझी दरवेळी पन्नासच भरायची.

फाल्गुनात तो तापाने पडला. मी एकटीने, काही न ठरवता, एक काच गिरवली आणि अठ्ठेचाळीस भरली. "तुझी दोन हरवली रे," मी चिडवले. तो पांघरूण फेकून उठला आणि जुनी सगळी चित्रे काचांशी ताडून पाहू लागला. वाकलेल्या दोन काड्या मी प्रत्येक चित्रात मधोमध तोडून चार केल्या होत्या. मुद्दाम नव्हे; मला त्या तशाच दिसल्या होत्या. ताप उतरताच तो ती चित्रे घेऊन सरांकडे गेला. पन्नासचा आकडा दिलेला त्याचा निबंध छापायला गेलेला होता. सर म्हणाले, "दाब जास्त पडला असेल, दोन निसटली. वेगळं म्हणायचं तर ताजा पुरावा आण." ताजा पुरावा म्हणजे पिकलेले नर, आणि ते पावसाळ्यातच मिळतात. पिंपरीकडे नव्या कारखान्याच्या पायासाठी सुरुंग उडत, फळीवरची भांडी थरथरत, आणि हा रोज संध्याकाळी नदी किती चढली ते बघून येई. मला त्या वाट बघण्याची भीती वाटायची.

त्या दिवशी काय झाले ते तात्यांनी मागाहून सांगितले. "म्या म्हनलं, पानी लाल आलंया, लोंढा यील, वर या. ते म्हनले, ह्यात नर थोडं हायत, अजून पायजेत..."

कळशीतल्या पाचांत दोन नर निघाले. मासा मेल्यावर पेशी टिकत नाहीत, थांबून चालणार नव्हते. बाहेर आत्याचा आक्रोश चालू होता आणि मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या अंगठ्याने काच दाबत होते. मला रडू येत नव्हते. त्याचीच लाज अजून वाटते. तिसऱ्या दिवशी दादा नदीच्या खालच्या अंगाला सापडला.

पंधरा दिवसांपूर्वी सर प्रुफे घेऊन आले. "त्याच्या नावावर हा एकच निबंध. आहे तसा जाऊ दे." मी त्या दिवशी दाबलेल्या काचा काढून बसले, पण मला आता मोजताच येईना. पन्नास मनात धरले की पन्नास दिसत, अठ्ठेचाळीस धरले की अठ्ठेचाळीस. शेवटी मी आत्याला बोलावले. उंबऱ्यावर ती बराच वेळ उभी राहिली, मग आत आली. नळीला डोळा लाव आणि एका काडीमागे एक चिंचोका बाजूला टाक, एवढेच मी तिला सांगितले. कोणताही आकडा सांगितला नाही. तिने पाच पेशी मोजल्या. चारांत अठ्ठेचाळीस, एकीत सत्तेचाळीस.

"बरोबर आलं का गं त्याचं?" तिने विचारले.

खोटे सांगणे सोपे होते. "नाही आत्या. छापायला दिलंय ते चुकलंय. मीच चुकीचं काढलं होतं."

तिने चिंचोके मुठीत गोळा केले. "मग दुरुस्त कर. त्याच्यासाठीच उतरला ना तो पाण्यात?"

मी पन्नास खोडून अठ्ठेचाळीस लिहिले. प्रुफे गेली. आत्या अजून रोज दुपारी त्या खोलीत जाऊन बसते आणि नळीला डोळा लावून मोजते.