न सुकलेला थेंब

ओट्यावर तेलाचा थेंब दिसला की मला अंबडच्या प्रयोगशाळेतला तो शनिवार आठवतो. वजनकाट्याशेजारी माझ्या हातून आयॉनिक लिक्विडचा थेंब सांडला होता आणि घरी निघायच्या घाईत मी म्हटलं, सुकेल आपोआप, कारण आमच्याकडे ॲसिटोन सांडलं तरी मिनिटभरात उडून जायचं. हे मात्र द्रवरूप क्षारच, त्याला ना वास ना वाफ, आणि कातडी जाळतं हे बाटलीवर लिहिलेलं मी स्वतः वाचलं होतं. सोमवारी सकाळी थेंब तसाच ओला होता. टेबलं पुसणाऱ्या मावशींनी तो तेलाचा समजून बोटांनीच निपटून काढला. थंडीने त्यांचे हात भेगाळलेले होते. दुपारी त्या नळाखाली हात धरून रडत होत्या, दोन बोटं पांढरीफटक पडली होती. साहेब आले तेव्हा माझ्याआधी त्याच बोलल्या, "कुणाचं काय नाय साहेब, मीच हातमोजे घातले नाय." अपघाताचा कागद मी भरला आणि कारणाच्या रकान्यात तेवढंच लिहिलं. ते खोटं नव्हतं, म्हणूनच आजवर मला ते खोडता आलेलं नाही.