लाल झालीत का हो?

गल्लीत त्यांना फ्यूजकाका म्हणत. एक तर धंदा वायरमनचा, आणि दुसरं म्हणजे डोकं कधी उडेल याचा नेम नाही. कुणी नुसतं विचारलं, "काका, आमचा दिवा का लागत नाही हो?" की हे खेकसणार, "मला विचारून बिघडवलात का?" आणि खेकसत खेकसतच शिडी खांद्यावर घेऊन निघणार. माणूस आतून लोण्यासारखा मऊ, पण हे एका काकूंनाच ठाऊक.

घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. खोलीत काकूंच्या पलंगासमोर काकांनी स्वतः काच कापून केलेली माशांची टाकी होती. मासे आपले नावाला. काकांचा जीव पाण्यातल्या झाडांत. झाडांना गॅस सोडायचा सिलिंडर नाही की महागडे दिवे नाहीत. खाली माती, वर खडी, बुडबुड करणारा हवेचा पंप आणि कामावरच्या उरल्यासुरल्या सामानातून जोडलेला दिवा. तेवढ्यावर झाडं नुसती माजली होती.

एकदा काकू त्या टाकीसमोर भाजी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "इकडेही हिरवं, तिकडेही हिरवं! पाण्यात पालेभाजी लावलीत की काय? एखादं लाल झाड लावा की."

झालं! काकांनी मनावर घेतलं. दुकानातून लालबुंद रोपं आणली. दुकानदार बिचारा सांगत होता, "साध्या टाकीत जगतील, पण रंग टिकायचा नाही. लाल रंगाला उजेड लागतो, भरपूर."

"उजेडाचं तू मला सांगतोस?" काका कडाडले.

मग काय, मातीचे गोळे करून मुळाशी खुपस, दिवा पाण्याजवळ आण, जोडीला दुसरा लाव, काचेवर शेवाळ चढलं की ते पुसत बस. शेवटी एका रोपाचा शेंडा जरासा रंगला, तसं त्यांनी कणीक मळणाऱ्या काकूंना ओढत आणलं.

काकूंनी वाकून पाहिलं. "लाल कुठाय? नुसतं लाजलंय."

त्याच सुमारास काकूंचे डोळे आले. आले म्हणजे नेहमीचे नव्हेत. आधी लाली, मग पाणी, मग असा ठणका की त्या भिंतीवर डोकं टेकून बसायच्या. डॉक्टर म्हणाले, जंतू आत शिरलेत. औषधाचे थेंब, डोळ्यांवर पट्टी आणि अंधारी खोली. थेंब घालायला पट्टी काढली आणि उजेडाची तिरीप आली की काकू कळवळायच्या. काकांनी टाकीभोवती जाड पडदा गुंडाळला, फटींना चिकटपट्टी लावली, तरी उजेड कुठून ना कुठून झिरपायचाच. अख्ख्या गल्लीला उजेड पुरवणारा माणूस, आणि त्याला हा वीतभर उजेड आवरेना. एके दिवशी काकू "आई गं!" म्हणून ओरडल्या, तशी काकांनी दिव्याची पिनच उपटली. ती परत लावली नाही.

झाडं मेली नाहीत. स्वयंपाकघरातून येईल तेवढ्या उजेडावर तग धरून राहिली. पण लाल पानं एकेक करून गळाली आणि नवी आली ती हिरवी.

पिन उपटल्याचं काकूंना कुठे माहीत? त्या पडल्या पडल्या विचारत, "अहो, लाल झालीत का हो?"

पहिल्या खेपेला काकांच्या तोंडून निघून गेलं, "हो, हो. चांगली लालभडक."

"पट्टी निघाली की आधी तीच बघणार," काकू म्हणाल्या. त्या दिवशी त्या दोन घास जास्त जेवल्या. आता खरं सांगायचं कुठल्या तोंडाने? रोज विचारणं आणि रोज लालभडक.

हळूहळू ठणका थांबला. डॉक्टरांनी सांगितलं, "पट्टी सोडा, आधी मंद उजेडात. मग घेऊन या. नजर किती उरलीय ते तेव्हाच कळेल." हे शेवटचं वाक्य काकांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यांच्या डोक्यात एकच, ती हिरवी पानं. सकाळीच दुकान गाठलं, तर लाल रोपं संपलेली. दुकानदाराशी भांडायचंही त्राण नव्हतं त्यांना. घरी येऊन दिव्याला लाल कागद गुंडाळून पाहिला, तर झाडं काळी ठिक्कर दिसायला लागली. तो कागद टरकावून, पिन काढून ठेवेपर्यंत मागून आवाज आला, "अहो, सोडते हं पट्टी."

काका टाकीपाशी मान खाली घालून उभे राहिले. आता ऐकून घ्यायचं होतं.

काकूंनी पट्टी सोडली. पंपाची बुडबुड येत होती तिकडे तोंड वळवलं.

"अगंबाई! खरंच की हो. काय लाल झालीत!"

काकांचा जीव भांड्यात पडला. स्वयंपाकघरातला एवढासा उजेड, तिला रंग कळला नसेल. मग कसंतरीच वाटलं. तिला फसवायचं तरी किती? त्यांनी खाली वाकून पिन लावली. दोन्ही दिव्यांचा लख्ख उजेड थेट काकूंच्या तोंडावर पडला. झाडं हिरवीगार, पान अन् पान दिसत होतं.

काकूंनी पापणीसुद्धा मिटली नाही.

"आणि ती मागची लहान झाडं?" त्या हसत होत्या. चादर मात्र मुठीत घट्ट धरली होती. "तीपण लाल झाली वाटतं."

खोटारडे कुठले, ही तर पालेभाजीच आहे, असं तिनं म्हणावं म्हणून काकांनी काय वाटेल ते दिलं असतं.

"हो," ते कसेबसे म्हणाले. "तीपण."

दिवा घालवायला त्यांचा हात सवयीने पिनेकडे गेला आणि तसाच मागे आला. आता तो दिवसभर चालू राहिला तरी काकूंना काही त्रास होणार नव्हता.