चौदा मुलं स्वच्छ

पाळणाघरातल्या मावशीला नाव होतं, पण हजेरीच्या वहीबाहेर ते कुणी वापरत नसे. मुलांना ती मावशी, मुलांच्या आयांना मावशी, आणि तिच्याहून चांगल्या दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या संचालिकाबाईंनाही मावशीच. मुलांना टोपणनावं द्यायचा मक्ता मात्र तिने स्वतःकडे घेतला होता. दिवसभर धावणारा तो इंजिन, हाताची घडी घालून नुसता बघत बसणारा तो साहेब, आणि घास तोंडात असताना गुणगुणणारी चार वर्षांची पोर, ती भुंगा. एकोणीस वर्षं मावशीने हे काम केलं. त्या काळात तिच्या जिभेला कधी हाड नव्हतं आणि हाताला कधी उसंत नव्हती.

जेवायच्या वेळी ती बुटक्या खुर्च्यांच्या मधोमध जमिनीवर बसकण मारायची. मऊ भात चमच्यात घ्यायची, ओठाला लावून किती गरम आहे ते बघायची, फुंकर मारायची आणि मग भरवायची. नव्याने मूल घालायला आलेल्या आया हे दारातून बघायच्या आणि हरखून जायच्या. "आम्हाला घरी एवढा धीर नाही हो, मावशी," असं म्हणायच्या. म्हणायला काय जातं? पुढे हीच फुंकर त्यांनी तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभी केली.

भुंग्याचं काहीतरी बिनसलंय, हे सगळ्यांत आधी मावशीलाच कळलं. पोर गुणगुणायची थांबली. जेवता जेवता पोटावर मूठ दाबून बसायला लागली आणि दोन-तीनदा खाल्लेलं सगळं उलटून पडलं. मावशीने तिच्या आईला फाटकाशी गाठलं. आई घाईत होती. "इथे यायचं नसलं की सगळ्यांचंच पोट दुखतं," असं म्हणून ती निघून गेली. पण मावशीही चिवट. महिनाभर तिने रोज संध्याकाळी त्या बाईचा पिच्छा पुरवला. अखेर भुंग्याला मुलांच्या दवाखान्यात नेलं, गुंगी देऊन तोंडावाटे दुर्बीण घातली, तेव्हा पोटाच्या अस्तरावर जंतू सापडले. हे जंतू लहानपणीच पोटात शिरतात आणि वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतात. बहुतेक वेळा ते घरातल्याच कुणाकडून येतात. डॉक्टरांनी हे सगळं आईला समजावून सांगितलं होतं. घरातलं ते तिने घरातच ठेवलं.

पालकांच्या सभेत ती ताडकन उभी राहिली. "त्या मावशी मुलांचे चमचे ओठाला लावतात. वरून फुंकतात. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय!" तिने बघितलं होतं हे खरंच. हसत हसत बघितलं होतं. बाकीच्या आयाही एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि ज्या बाईवर कालपर्यंत आपापली मुलं टाकून बिनघोर जात होत्या, तिच्यात त्यांना एकदम काय काय दिसायला लागलं.

संचालिकाबाईंनी सगळ्यांचं रक्त तपासायचं ठरवलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांना एक फोन करून विचारावं, एवढं काही त्यांना सुचलं नाही. कोपऱ्यावरच्या प्रयोगशाळेतला माणूस सुया घेऊन आला. चौदा मुलांनी टाहो फोडला, आणि चौदाही जणांना मावशीनेच मांडीवर घट्ट धरलं. सगळं झाल्यावर तिने स्वतःची बाही वर केली.

तिसऱ्या दिवशी कागद आला. चौदा मुलं स्वच्छ. स्वयंपाकीण स्वच्छ. मावशीच्या नावापुढे तेवढं 'पॉझिटिव्ह' लिहिलेलं. बाईंनी ते 'दोषी' म्हणूनच वाचलं.

"मावशी, तुमच्या रक्तात निघालं."

"आणि भुंग्याच्या?"

"तिच्यात काही नाही."

"काही नाही कसं? दुर्बिणीत डोळ्यांना दिसलेत ना तिच्या पोटात?"

बाई जरा अडखळल्या. "औषध सुरू आहे ना तिचं. गेले असतील."

"औषध सोमवारी सुरू झालं, रक्त बुधवारी घेतलं. मी पण औषध घेतलंय, बाई. सहा वर्षांपूर्वी मला अल्सर झाला होता, तेव्हा दोन आठवडे मुठी भरभरून गोळ्या खाल्ल्यात. तिचे दोन दिवसांत जातात आणि माझे सहा वर्षांत जात नाहीत?"

प्रश्न सरळ होता. आठवी नापास बाईला जो पडला, तो शिकल्यासवरलेल्या अठ्ठावीस आईबापांपैकी एकालाही पडला नव्हता. बाईंनी चष्मा काढून पुसला. "मावशी, आता तुम्ही डॉक्टर होऊ नका," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही, असं ठरलं.

मावशीचा नवरा रात्रपाळीचा पहारेकरी. दुनियेतल्या सगळ्या दुखण्यांवर त्याच्याकडे एकच औषध होतं, 'सोडून दे'. तेच त्याने आताही दिलं. "दुसरं काम मिळेल. सोडून दे."

"काम जाऊ दे खड्ड्यात," मावशी म्हणाली. "मी पोरांना आजारी पाडलं म्हणतात. एकोणीस वर्षं पोरं सांभाळली ती काय यासाठी? हे मी नाही सोडणार."

आणि तिने सोडलं नाहीच. भुंग्याला तपासलेल्या डॉक्टरांचा पत्ता काढून ती थेट तिथेच जाऊन बसली. डॉक्टर तरुण होते आणि दमलेले होते. प्रयोगशाळेचा कागद वाचला तसे ते भडकलेच.

"एवढ्याएवढ्या मुलांचं रक्त तपासा, असं कुणी सांगितलं यांना?"

मग त्यांनी तिला नीट समजावलं. रक्तात जंतू बघतच नाहीत, जंतूंशी लढताना शरीर ज्या अँटीबॉडी तयार करतं, त्या बघतात. लहान मुलांच्या पोटात हे जंतू आले, की बऱ्याचदा शरीर जोराने लढतच नाही. लढणाऱ्या पेशींना आवरून धरणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात, मुलांच्या पोटात त्यांचंच जास्त चालतं. त्यामुळे सूज कमी येते, पण रक्तातल्या अँटीबॉडीही कमी पडतात, आणि पोटात जंतू असलेलं मूल कागदावर स्वच्छ निघतं. मोठ्या माणसाचं उलट. जंतू मरून गेले तरी अँटीबॉडी वर्षानुवर्षं रेंगाळू शकतात.

"म्हणजे मी लढले, म्हणून मी दोषी," मावशी म्हणाली.

डॉक्टरांनी कागद बाजूला सारला. त्यांनी तिची श्वासाची तपासणी करून घेतली. एक औषधाचं पाणी प्यायला दिलं, अर्धा तास बसवलं आणि पिशवीत फुंकायला लावलं. तपासणीचा कागद आला तो साफ. पोटात एकही जंतू नाही. खाली डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं, की या बाईंपासून मुलांना संसर्ग झाला असं म्हणायला काहीही आधार नाही.

तो कागद घ्यायला ती रांगेत उभी होती, तेव्हा पुढे भुंग्याची आई होती. डॉक्टरांनी तिला घरातल्या सगळ्यांची तपासणी करायला लावली होती. खिडकीतल्या नर्सला हळू बोलायची सवय नव्हती. "मुलीचे बाबा ठीक आहेत. तुमच्यात निघालेत हो जंतू. तुम्हाला पण औषधं घ्यावी लागतील." आई मागे वळली ती नेमकी मावशीसमोर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं झालेलं, आणि त्या क्षणी दोघींनाही ते कळलेलं.

"मावशी, शप्पथ सांगते, मला माहीत नव्हतं हो."

"आता माहीत झालं ना, ताई? मग बाईंना जाऊन सांगा. माझं दुसरं काही म्हणणं नाही."

"सांगते. उद्याच सांगते."

मावशीने तिच्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्याच्या पोटचं मूल सांभाळणाऱ्या बाईला आईच्या शब्दावर विश्वास ठेवायची खोडच असते. एक आठवडा गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. फोन काही आला नाही. शेवटी कागदाची घडी पर्समध्ये घालून ती स्वतःच पाळणाघरात गेली.

बाईंनी कागद दोनदा वाचला. "बरं वाटलं, मावशी. खरंच. पण पालकांच्या मनात एकदा बसलंय, ते मी कसं काढू? आणि भुंग्याची आई तर सांगून गेली, त्यांच्या घरचे सगळे तपासून झाले, सगळे ठीक आहेत."

"खोटं सांगितलं त्यांनी. त्यांच्यातच निघालेत. माझ्यासमोर सांगितलं नर्सने."

"काहीतरीच काय बोलता, मावशी?" बाईंचा चेहरा एकदम कडक झाला. "आई कधी स्वतःच्या मुलीला आजारी पाडेल का?"

"आणि मी पाडीन?"

बाईंनी कागदाची घडी घातली. तो टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

मावशी बाहेर आली. पॅसेजमध्ये नवी बाई चार-पाच मुलांचे हात धुवून त्यांना आत घेऊन चालली होती, आणि त्यांत भुंगा होती. गाल भरलेले, अंगावर तजेला. मावशीला सगळा राग विसरायला झाला. ती गुडघ्यांवर बसली आणि तिने दोन्ही हात पसरले.

"भुंग्या! अगं, केवढी झालीस!"

पोर जागच्या जागी थांबली. धावत आली नाही. नव्या बाईचं बोट धरून तिने मावशीकडे नीट निरखून पाहिलं, आणि पाठ केलेली कविता म्हणावी तसं एका सुरात म्हणाली, "तुझ्या तोंडात किडे आहेत. तू ते माझ्या पोटात टाकलेस. आईने सांगितलंय."

"चल गं," नवी बाई पुटपुटली. पण पॅसेज अरुंद, आणि मावशीच्या जवळून जायला भुंगा तयार होईना. ती रडकुंडीला आली.

मावशी उठली. तिने आपल्या तोंडावर हात घट्ट धरला आणि भिंतीला पाठ लावून पोरीला वाट करून दिली.