सचिवांचा शेरा

आमच्या दूध संस्थेचे सचिव कर्मचाऱ्याची चूक कधीही चारचौघांत काढत नसत. त्याला खुर्चीवर बसवत, पाणी देत, आधी चांगले काम सांगत आणि मग गोपनीय अहवालातील शेरा स्वतः वाचून विचारत, "तुमचं काय म्हणणं हाय?" मी माझ्या तक्रारींच्या पत्रांची पोच घ्यायला तिथे जात असे. नियम इतका पाळणारा माणूस मी जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही.

दुष्काळात संचालकांनी धारूरकडच्या दूध संकलकाला काढायचे ठरवले. त्याला बोलावले तेव्हा मी पोचेसाठी तिथेच बसलो होतो. सचिवांनी त्यालाही पाणी दिले, त्याचे माप चोख असल्याचे सांगितले आणि शेरा वाचला: "संकलन घटले. कामात कसूर."

"साहेब, गावात जनावरंच न्हाईत. दूध कुठून आणू?"

"मला ठाऊक हाय," सचिव म्हणाले. त्यांनी ते उत्तर शब्दशः लिहिले, शेरा तसाच ठेवला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "आण्णा, साक्षीदार म्हणून तुमी करा सही." उत्तर बिनचूक उतरले होते, म्हणून मी केली.

महिन्याभरात त्याला कमी केले. मी संतापून सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे तीन अर्ज धाडले. तिन्हींना उत्तर एकच आले: कर्मचाऱ्यास म्हणणे मांडण्याची पूर्ण संधी दिली होती. सोबत पुरावा म्हणून माझ्या सहीच्या कागदाची प्रत होती.