अकरा सुया

आमच्या खालच्या मजल्यावरच्या मावशी लोकांचे कपडे उसवून पुन्हा बेतून देतात. हात असा की टाका शोधून सापडू नये. गेल्या रविवारी त्यांची बेल वाजवली, तर दार उघडायलाच वेळ लागला. अंगात नेहमीचा लालभडक स्वेटर, केसांत दोऱ्याचे तुकडे आणि चेहरा पार उतरलेला.

"बरी आलीस गं. चार वाजता लेक कुत्र्याचं पिल्लू घेऊन येतेय. त्याच्या गादीचा अभ्रा शिवत होते, अर्धा राहिलाय. आधी जमीन बघू."

पिल्लू काकांसाठी होतं. ड्रायव्हरची नोकरी संपली आणि काका खिडकीशी बसले ते बसलेच. निदान पिल्लाला फिरवायला तरी बाबा उठतील, असा लेकीचा हिशेब.

मावशींनी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काठीला बांधलं होतं. ते शिलाई मशीनखाली, कपाटामागे, पायपुसण्याखाली फिरवायचं. टाचण्या टकटक चिकटत होत्या. मी वायरी उचलून वर बांधल्या, दोऱ्याची रिळं वरच्या फळीवर ठेवली. काका खिडकीशी बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. "अगं, कोपऱ्यात बघा. तिकडं नाही, तिकडं!"

"उठून दाखवा की अहो!"

"माझे गुडघे बघतेस ना?"

"तोंडाचे गुडघे बरे आहेत."

मला हसू आलं, मावशींना नाही. स्वयंपाकघरात नेऊन त्यांनी माझा दंड धरला. हात गार होता.

"आपलं मांजर आठवतं? ते आजारानं गेलं, असं यांना वाटतं. दोरा गिळला होता त्यानं. दोऱ्याला सुई होती, माझी. नऊ वर्षं झाली, मी सांगितलं नाही. काय सांगणार? किती लाडकं होतं ते यांचं."

तेव्हापासून त्या सुया मोजतात. डब्यात बारा. रोज काम आटोपलं की बारा सुया भरल्याशिवाय जेवण नाही.

साडेतीनला त्यांनी डबा उघडला. एकेक सुई बोटानं बाजूला सारली. पुन्हा सारली. मग मला म्हणाल्या, "तू मोज."

अकरा.

अभ्रा उलटा केला, झटकला. गादी चाचपली. मशीनचा खण काढला, कचऱ्याची बादली वर्तमानपत्रावर ओतली. चुंबक तीनदा फिरलं. नंतर तर आम्ही दोघी जमिनीला गाल लावून उजेडाच्या बाजूनं बघत होतो, कुठं काही चमकतंय का. चमकत होतं ते एक शर्टाचं बटण.

"लेकीला फोन कर," मावशी म्हणाल्या. "म्हणावं, आणू नकोस. या घरात नको."

फोन हातात घेतला आणि बेल वाजली. लेक दहा मिनिटं आधीच आली होती.

ओंजळीएवढं पिल्लू. लेकीनं "आई, धर ना!" म्हणत थेट त्यांच्या छातीशीच दिलं. मावशी लाकडासारख्या ताठ. जमिनीवर ठेवायची भीती, म्हणून त्यांनी ते आणखी घट्ट धरलं. पिल्लानं मान वर केली, खांदा हुंगला आणि काहीतरी तोंडात धरून ओढू लागलं. लाल स्वेटरवर लाल दोरा. त्याच्या जिभेवर तो आत आत चालला होता.

मावशी किंचाळल्या. खुर्ची पडल्याचा आवाज झाला. काका! दोन बोटं पिल्लाच्या जबड्यात घालून त्यांनी दोरा बाहेर काढला आणि दुसऱ्या हातानं मावशींच्या खांद्यातून, स्वेटरच्या विणीतून, सुई उपसली.

मी बेल वाजवली तेव्हा हातातली सुई त्यांनी सवयीनं खांद्यावर खोचली होती. काखेत कळसा म्हणतात, तसा खांद्यावर काळ घेऊन त्या तासभर रांगत होत्या. आणि समोर असून मलाही दिसलं नव्हतं.

मावशी खाली बसल्या. "अहो, मांजराच्या वेळीही..."

"माहीत आहे. जनावरांच्या डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू रोज मोजायचीस. आणखी काय बोलायचं?"

पिल्लू लेकीच्या बुटाची नाडी चावत होतं. काका उभेच होते. "तो डबा दे इकडं," ते म्हणाले. बारावी सुई आत टाकली, झाकण दाबून लावलं आणि डबा शर्टाच्या खिशात घातला. "आता मी मोजणार. आणि काम झालं की तू खांदे दाखवायचे."

मावशींनी त्या दिवशी पुन्हा सुई हातात घेतली नाही, म्हणून राहिलेला अभ्रा मीच घरी नेऊन पुरा केला. संध्याकाळी द्यायला गेले, तर काकांनी मला उंबऱ्यावरच अडवलं. काखेत पिल्लू, नजर माझ्या खांद्यांवर.

"आधी तुझी सुई कुठं आहे ते सांग."

मी सांगणार होते, घरी डब्यात. पण खात्री वाटेना. परत वर जाऊन बघून आले, तेव्हा कुठं त्यांनी आत घेतलं.